उद्याकाकांचा तिसरा खण

मित्रांनो, मी एक जुना खण आहे. पुस्तकं बांधायच्या टेबलाचा, डावीकडचा, सगळ्यात खालचा, तिसरा. हसू नका! खणाला कसलं आलंय आयुष्य, असं वाटत असेल तर जरा थांबा. मी आजवर जेवढी कामं करवून घेतली आहेत, तेवढी एखाद्या कडक मुख्याध्यापकांनीही करवून घेतली नसतील. तीही न ओरडता, न डोळे वटारता, नुसतं बंद राहून! हे कसं काय, ते सांगायला मी कधीचा टपून बसलो आहे. आज तुम्ही भेटलात, आता मी काही गप्प बसायचा नाही.

माझा जन्मच मुळी टाळाटाळीतून झाला. एका सुताराला दोन खणांचं टेबल करायचं होतं. ते झालं. त्यानंतर त्याला एका वकीलसाहेबांच्या घराचा दरवाजा करायला घ्यायचा होता. वकीलसाहेब भारी चिकित्सक. दरवाजाचं माप त्यांनी तीनदा बदललं होतं आणि चौथ्यांदा बदलायला ते येणार होते. त्या दरवाजाचं नुसतं नाव काढलं तरी सुतार हातातली करवत खाली ठेवायचा. "आधी हे उरलेलं लाकूड मार्गी लावतो," असं तो बायकोला म्हणाला आणि त्या उरलेल्या फळ्यांतून त्याने मला घडवलं. कुणी मागितला नव्हता, तरी टेबलाला तिसरा खण मिळाला. तीन दिवस तो माझ्यात रमला होता. माझे कोपरे त्याने असे बसवले की आजही तिथे नख शिरत नाही. शेवटची पट्टी ठोकायची राहिली होती आणि नेमके वकीलसाहेब दारात उभे राहिले. ती पट्टी घाईत ठोकली गेली, जराशी वाकडी. म्हणून मी उघडताना कुरकुरतो. लोकांना वाटतं, माझा स्वभावच कुरकुरा आहे. तेही अगदीच खोटं नाही.

ते टेबल एका बाइंडरने विकत घेतलं. त्यांचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. मोठी खिडकी, खिडकीखाली खळीचं भांडं, भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यांच्या चवडी आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. माणसं दोनच. बाइंडर आणि त्यांची धाकटी बहीण. ती पानं शिवायची, ते पुठ्ठे चढवायचे. ती त्यांना दादा म्हणायची. ते तिला छोटी म्हणायचे. आता तिने पन्नाशी ओलांडली आहे, चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण अजून ती छोटीच. गल्लीतल्या मुलांनी मात्र बाइंडरना वेगळंच नाव ठेवलं होतं. कधीही, काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "उद्या." म्हणून ते झाले उद्याकाका.

वरच्या दोन खणांचा तोरा तुम्ही बघायला हवा होता. पहिल्यात सुया, दोरे, टोचे. दुसऱ्यात कात्र्या, पट्ट्या, कागदाच्या घड्या दाबायची हाडाची चपटी सळई. दिवसातून पन्नास वेळा त्यांना कुणी तरी ओढायचं. आणि मी? महिन्यातून एकदा, तेही बोटभर उघडायचे मला. त्या फटीतून एखादा कागद आत सरकवायचे आणि घाईघाईने लोटून द्यायचे. माझ्या पोटात काय नव्हतं! अकरा पानी सरकारी फॉर्म. एका रागीट गिऱ्हाइकाचं पत्र. "शेजाऱ्याची शिडी परत करणे" अशी चिठ्ठी. हा शेजारी एकदा बोलायला लागला की दोन तास थांबायचा नाही, त्यामुळे शिडी सात वर्षं दुकानातच उभी होती. जे नकोसं, जे अवघड, ते सगळं माझ्यात. मला फार वाईट वाटायचं. मला वाटायचं, मी खण कसला, मी तर अडगळ आहे.

आणि मग एक दिवस मला शोध लागला!

त्या सकाळी काका निर्धाराने माझ्यासमोर बसले. "आज तो फॉर्म भरून टाकायचाच," असं मोठ्याने म्हणाले. माझ्या मुठीवर हात ठेवला. मोठा श्वास घेतला. मग त्यांची नजर शाळेच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर गेली. "हां, आधी एवढी चार पुस्तकं हातावेगळी करतो. मग फॉर्म." चार झाली. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गठ्ठ्याकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत बत्तीस पुस्तकं बांधून झाली होती! पाठी सरळ, कोपरे चोख, एकही पुठ्ठा तिरका नाही. काका शीळ घालत होते. फॉर्म माझ्या पोटात होता तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून पाहत राहिलो. खणाला डोळे नसतात हे मला माहीत आहे, पण तुम्ही समजून घ्या. काकांनी सात वेळा माझ्या मुठीला हात लावला आणि सातही वेळा हात मागे घेऊन दुसरं काही तरी पुरं केलं. दोऱ्यांची गुंडाळी झाली. खळ शिजली. एका म्हाताऱ्या मास्तरांचा शब्दकोश सहा महिने पडून होता, तो चक्क दुपारपर्यंत तयार! मला उघडावं लागू नये म्हणून ते बाकीचं सगळं करत होते. मित्रांनो, मी अडगळ नव्हतो. अख्खं दुकान माझ्या धाकाने चालत होतं!

ही गोष्ट आणखी एका माणसाच्या लक्षात आली होती. छोटीच्या.

"दादा, तुझी एक गंमत सांगू?" ती एकदा सुईत दोरा ओवत म्हणाली. "तुला एखादं काम कर म्हटलं की तू ते सोडून दुसरं करतोस."

"उगाच काय? मी कधी बसलोय का नुसता?"

"तेच म्हणतेय ना मी. तू नुसता कधीच बसत नाहीस. तू फक्त पळतोस. आणि पळता पळता काय सुरेख काम करतोस रे!"

काका लाजले आणि उठून शिकंज्याला तेल घालायला गेले. पण छोटीने त्या दिवसापासून एक रीत सुरू केली. दर सोमवारी सकाळी ती मला उघडायची, आतले कागद चाळायची आणि त्यातलं सगळ्यात भीतीदायक काम वर ठेवायची. मग दादाला ऐकू जाईल असं म्हणायची, "दादा, या आठवड्यात हे एक करून टाक बाबा!" झालं. त्या आठवड्यात दुकानाला जणू पाय फुटायचे. पुस्तकं वेळेवर जायला लागली. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई स्वतः येऊन म्हणाल्या, "तुमच्यासारखा वेळ पाळणारा बाइंडर मी पाहिला नाही." उद्याकाकांना, बरं का! मी आत हसून हसून आणखी वाकडा व्हायचा राहिलो.

असं करता करता त्या दुकानात माझी बावीस वर्षं झाली. मग एका दुपारी नर्सबाई आल्या.

या बाई चौतीस वर्षं गावच्या दवाखान्यात बाळंतपणं करत होत्या. आता त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. पाय मोजून टाकत त्या खुर्चीपर्यंत आल्या आणि पिशवीतून एक जाडजूड वही काढून टेबलावर ठेवली. ती सरकारी नोंदवही नव्हती, त्यांची स्वतःची होती. आपल्या हातून जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद त्यांनी त्यात ठेवली होती. आईचं नाव, तारीख, वेळ, वजन आणि शेवटी मनात येईल तो शेरा. अशी दोन हजार नऊशे चौदा बाळं! वरच्या मजल्यावरचा नळ फुटला, पाणी झिरपत कपाटात आलं आणि वहीची पानं एकमेकांना घट्ट चिकटून वाळली.

"मोकळी करून देशील का रे?" बाईंनी विचारलं. "डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, दोन महिने बरं दिसेल, पुढचा भरवसा नाही. तेवढ्यात मला सगळी पोरं एकदा वाचून काढायचीत. माझ्या डोळ्यांनी."

काकांचा चेहरा उतरला. कारण मला माहीत होतं, छोटीलाही माहीत होतं. शिकाऊ असताना काकांनी एका बाईंचं असंच चिकटलेलं पत्र सोडवायला घेतलं होतं. ते मधोमध फाटलं. ती बाई रागावली नाही. तिने दोन्ही तुकडे ओढणीत गुंडाळले आणि निघून गेली. तेव्हापासून चिकटलेला कागद दिसला की काकांचे हात गार पडायचे. शिवाय ही वही शाईने लिहिलेली होती. ओल कमी पडली तर पान फाटणार, जास्त झाली तर शाई पसरणार. एकेका पानावर सोळा-सोळा बाळं.

"ठेवून जा बाई," काका कसंबसं म्हणाले. "उद्या बघतो."

आणि ती वही माझ्यात आली.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते. त्या वहीच्या धाकाने दुकान असं पळालं की विचारू नका! काकांनी एकदा मला उघडलं, वहीकडे पाहिलं, बंद केलं आणि वाचनालयाची एकशे दहा पुस्तकं बांधली. अकरा पानी फॉर्मही भरला. एवढंच काय, शिडीसुद्धा परत केली! दोन तास शेजाऱ्याचं ऐकून आले आणि वर आनंदात होते. मी फुशारून गेलो. वाटलं, काय माझा प्रताप! चार आठवडे मी त्याच तोऱ्यात होतो.

पाचव्या आठवड्यात नर्सबाई चौकशीला आल्या. दाराच्या उंबऱ्याला त्यांचा पाय अडखळला. पहिल्या वेळी अडखळला नव्हता. मी तो आवाज ऐकला आणि माझा तोरा उतरला. फॉर्म थांबू शकतो. शिडी सात वर्षं थांबली. पण या बाईंचे डोळे थांबणार नव्हते, आणि त्यांची वही मी पोटात घेऊन बसलो होतो.

"झाली का रे?" त्यांनी विचारलं.

"उद्या... उद्या नक्की हात घालतो," काका म्हणाले. बाई गेल्यावर ते कितीतरी वेळ टिपकागद सारखे करत राहिले.

त्यात छोटीला ताप आला. तिच्या जागी आठवडाभरासाठी तिचे यजमान मदतीला आले. हे बस डेपोत वेळापत्रक बनवायचे आणि नुकतेच निवृत्त झाले होते. माणूस सोन्यासारखा, पण त्यांना कुठे काही विस्कटलेलं दिसलं की हात शिवशिवायचे. त्यांनी मला पाहिलं. मी कुरकुरत असतानाही मला पुरतं बाहेर ओढलं. आणि उलटं केलं!

बावीस वर्षांत मी पहिल्यांदा रिकामा झालो. सगळे कागद कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं, राहिलेलं शिवणकामही त्याच कुलपात गेलं. टेबलावर उरली फक्त नर्सबाईंची वही. भिंतीवर एक तक्ता लागला. सोमवार, वही. मंगळवार, वही. बुधवार, वही.

"दादा, एका वेळी एकच काम," ते हात झटकत म्हणाले. "आता दुसरं काही दिसणारच नाही तुम्हाला. बघा कसं सुटसुटीत झालं!"

"हो भावोजी," काका म्हणाले. "सुटसुटीत झालं खरं."

सोमवारी काकांनी पेन्सिलीला टोक केलं. इतकं केलं की पेन्सिल संपली. मंगळवारी खिडकीची काच पुसली, आतून आणि बाहेरून. बुधवारी पुसायला काच उरली नव्हती, तेव्हा ते नुसते बसले. पळायला कुठे वाटच नव्हती. मी त्यांना बावीस वर्षं ओळखत होतो, पण असे हातावर हात ठेवून बसलेले कधी पाहिले नव्हते. शिकंजा रिकामा, खळ वाळलेली, आणि समोर ती वही. शुक्रवारी त्यांनी फोन उचलला.

"बाई, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. वही घेऊन जा. माफ करा मला."

पलीकडून बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. काका एवढंच म्हणाले, "हो. सोमवारी या." मला ओरडावंसं वाटत होतं. पण रिकामा खण साधा कुरकुरू शकत नाही. कुरकुरायलाही पोटात थोडं वजन लागतं.

शनिवारी छोटी आली. ताप उतरला होता, पण चेहरा ओढलेला होता. तिने पर्स ठेवली, सवयीने मला ओढलं आणि किंचाळलीच.

"अहो! हा रिकामा कुणी केला?"

"मी!" तिचे यजमान अभिमानाने म्हणाले. "बावीस वर्षांचा कचरा काढला."

"कचरा? अहो, तुम्ही दुकानाचं इंजिन काढून कपाटात ठेवलंत!"

ते बिचारे गोंधळून तक्त्याकडे बघत राहिले. छोटीने काकांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. काकांनी खाली मान घालून फोनचं सांगितलं. तिने कपाट उघडलं आणि कागद भराभर उपसू लागली. काय शोधत होती कुणास ठाऊक. आणि मग टिपकागदांच्या गठ्ठ्यातून तिने एक लिफाफा ओढून काढला. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. तो लिफाफा त्यांनी माझ्यातसुद्धा ठेवला नव्हता. तो त्यांनी माझ्यापासूनही लपवला होता!

वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. मोठ्या सभागृहात समारंभ होता आणि वाचनालयाची पुस्तकं जपणारे म्हणून काकांनी अर्धा तास भाषण करावं, अशी त्या लिफाफ्यातल्या पत्रात विनंती होती. भाषण! शाळेत असताना काका एकदा भाषणाला उभे राहिले होते. तोंडातून शब्द फुटला नाही, आणि ते मंचाच्या पडद्यामागे जे लपले, त्यांना शिपायाने कुलूप लावायच्या वेळीच बाहेर काढलं.

छोटीने तिथल्या तिथे फोन लावला. "ग्रंथपाल बाई? हो, दादा बोलणार आहेत. अर्धा तास? छे हो, पाऊण तास बोलतील. लिहून वीस दिवसांत पाठवतो." तिने फोन ठेवला, लिफाफा माझ्यात टाकला, अगदी वर, आणि मला अर्धा उघडाच सोडला.

"छोटे, हे काय केलंस तू!"

"काय केलं? कोरा कागद घे, बस इथे. पहिलं वाक्य आत्ताच लिहून टाक. 'उपस्थित सज्जनहो...'"

"आत्ता?" काका खुर्चीतून उठलेच. "आत्ता कसं? आत्ता मला... आत्ता ही नर्सबाईंची वही नाही का घ्यायची? त्यांचे डोळे थांबणारेत का? तुला काही कळतं का, आधी काय आणि मग काय!"

आणि त्यांनी मला धाडकन बंद केलं. मित्रांनो, माझी हाडं खिळखिळी झाली, पण इतका गोड धक्का मी आयुष्यात खाल्ला नव्हता!

काकांनी नर्सबाईंना फोन केला, "सोमवारी नको बाई, दोन आठवड्यांनी या." मग टिपकागद ओले करून पिळले, पुन्हा पिळले, इतके की गालाला लावले तर फक्त गारवा कळावा. वहीची शेवटची पानं कमी चिकटलेली होती, म्हणून त्यांनी मागून सुरुवात केली. पान टिपकागदांत ठेवायचं, थांबायचं, मग हाडाची चपटी सळई कोपऱ्यात सरकवायची. दुसऱ्या खणातली ती सळई एरवी फार मिजासखोर, पण त्या दिवशी तीही श्वास रोखून होती. कोपरा सुटला. मग कड सुटली. मग अख्खं पान अलगद उचललं गेलं. छोटीने सुई खाली ठेवली. तिचे यजमान पुटपुटले, "सुटलं!" सोळा बाळं उजेडात आली होती.

पहिल्या दिवशी पाच पानं. दुसऱ्या दिवशी आठ. सळई कुठे अडली की काका थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. माझ्यात ते भाषण! लगेच ते पुन्हा पानावर वाकायचे. छोटी अधूनमधून डिवचायची, "दादा, दमलास तर वही ठेव, भाषणाचं बघू." "नाही गं, दमलो कुठे?" काका म्हणायचे, आणि आणखी दोन पानं सुटायची. मी आत नाचत होतो. खरंच सांगतो, नाचत होतो, त्या नादात लिफाफा माझ्या मागच्या फटीत पडला होता.

सहाव्या दिवशी एक पान फाटलं. आवाज अगदी बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. काका गोठल्यासारखे बसले. तेच पत्र, तीच बाई, तेच दोन तुकडे त्यांच्या डोळ्यांपुढे आले असणार. छोटी हळूच म्हणाली, "कडेला फाटलंय दादा. नावं शाबूत आहेत." काकांनी भिंग लावून पाहिलं. खरंच शाबूत होती. त्यांनी सर्वांत पातळ कागदाची पट्टी कापली, पाण्यासारखी खळ लावली आणि ती फाट अशी सांधली की मलाही दिसेना. मग ते खुर्चीला टेकले आणि म्हणाले, "सांधता येतं की गं." इतकंच. पण त्यानंतर त्यांचे हात गार पडले नाहीत.

तेराव्या दिवशी पहिलं पान सुटलं. चौदाव्या दिवशी वही नव्या पुठ्ठ्यात, नव्या कापडी पाठीत बांधून टेबलावर उभी होती.

नर्सबाई आल्या त्या छोटीचा हात धरून. खिडकीपाशी खुर्ची ठेवली, बाईंनी भिंग घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने! "मुलगी, साडेपाच पौंड, आईसारखीच हसते. मुलगा, डोक्यावर जावळ भरपूर, वडील दारात रडत होते. जुळ्या मुली, दुसरीची कुणालाच कल्पना नव्हती!" बाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या, पुन्हा भिंग धरत होत्या. तिसऱ्या पानावर त्या थबकल्या. त्यांनी आईचं नाव पुन्हा वाचलं आणि मान वर केली.

"अरे, ही तर तुझी आई."

काकांच्या हातातला पुठ्ठा तसाच राहिला. तेरा दिवस ते या पानांवर वाकले होते, पण बांधणाऱ्याची नजर कागदाच्या धाग्यांवर असते, अक्षरांवर नसते. त्यांनी ते वाचलंच नव्हतं.

"काय लिहिलंय, बाई?"

बाईंनी भिंग जवळ घेतलं. "मुलगा. तारखेपेक्षा बारा दिवस उशिरा आला. आल्यावर रडायलाही वेळ लावला, आम्ही सगळे घाबरलो. मग एकदा लागला तो थांबेचना. छान आहे. याला जरा वेळ द्यावा लागतो, एवढंच."

छोटी इतकी हसली की तिला बसावं लागलं. काकाही हसले, आणि हसता हसता रडले. अठ्ठावन्न वर्षं ज्या गोष्टीची ते मनातून लाज बाळगून होते, ती कुणी तरी पहिल्याच दिवशी ओळखली होती आणि शेजारी "छान आहे" असं लिहून ठेवलं होतं. बाईंनी तीन दिवसांत दोन हजार नऊशे चौदाही बाळं वाचून काढली. आपल्या डोळ्यांनी.

आणि भाषण? ते माझ्यात होतंच, मागच्या फटीत. समारंभाला पाच दिवस उरले तेव्हा छोटीने आपल्या यजमानांकडून एक पत्र लिहून घेतलं आणि लिफाफा फटीतून काढून त्याच्यावर ठेवलं. "आदरणीय दादा, मी पुढल्या महिन्यात तीस दिवस राहायला येऊन दुकानातली सगळी कपाटं लावून देणार आहे. कृपया तारीख कळवावी." काकांनी ते वाचलं, मला धाडकन बंद केलं आणि एका बैठकीत पाऊण तासाचं भाषण लिहून काढलं! त्यात माझा उल्लेख दोनदा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. त्या पत्राचं उत्तर अजून दिलेलं नाही. त्या जोरावर आजवर सहाशे पुस्तकं बांधून झाली आहेत, आणि मेहुणे त्यावर सगळ्यांत जास्त हसतात.

मित्रांनो, तुमच्याही टेबलाला, कपाटाला, दप्तराला माझ्यासारखा एखादा कप्पा असेल. त्याच्यावर रागावू नका. त्याला उलटा करून रिकामा करू नका. त्याच्या वाकड्या पट्टीला कधीमधी मेण चोळा, आणि त्याच्या धाकाने इकडे तिकडे पळाल तेव्हा हात रिकामे ठेवू नका. फक्त आत टाकण्याआधी एकदा बघा. ते काम थांबू शकतं का? कागद थांबतात, शिड्या थांबतात. माणसं नेहमीच थांबू शकत नाहीत. माणूस चुकून माझ्यात आला असेल तर त्याला बाहेर काढा, आणि माझ्यात आणखी भीतीदायक काही तरी टाका. मी सांभाळून घेईन.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. नर्सबाईंना आता दिसत नाही. पण रोज दुपारी चार वाजता त्या छोटीचा हात धरून येतात, खिडकीपाशी बसतात, आणि उद्याकाका त्यांना वहीतलं एक पान वाचून दाखवतात. शिकंज्यात पुस्तक असो, खळ उतू जात असो, दारात गिऱ्हाईक असो, चार वाजले की वही उघडते. टाळायला माझ्यात हल्ली कितीही भयंकर कामं असोत, या एका कामाला त्यांनी आजवर "उद्या" म्हटलेलं नाही. ते माझ्यात एकदाही आलेलं नाही.